कुठे उतरणार?

अगं, ऐक. पुढच्या महिन्यात तुला अठ्ठावन्न पुरी होतील, ऑफिस सुटेल. काल फोनवर म्हणालीस, "ताई, आता निवांत. भरपूर झोपणार आणि सगळ्यांना भेटणार." झोपशील गं, त्याची काळजी नाही. भेटण्याबद्दल मात्र मला बोलायचंय.

आधी सवलतींचा विषय मिटवू. लांबच्या गाड्यांना बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून अर्धं तिकीट पडायचं. मी त्या वयाच्या दारात पोचले आणि मार्च २०२० मध्ये ती सवलतच बंद झाली. जन्मभर लोकल चुकल्या, शेवटी म्हातारपणही चुकलं! एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते विशीतल्या पोरीलाही तेवढंच. कंडक्टर आपलं वय विचारत नाही, यातच आनंद मानायचा.

वय कळतं ते लोकलमध्ये. तुला आठवतं ना, मीरा रोडला विरारहून भरून आलेल्या गाडीत पाय ठेवायलाही जागा नसायची. म्हणून मी आधी उलट भाईंदरला डाऊन जायचे आणि तिथून सुटणारी गाडी पकडायचे. तरीही कित्येकदा उभ्यानेच, "कुठे उतरणार?" विचारत नंबर लावायचा. कुणी अंधेरी म्हटलं की जीव भांड्यात, चर्चगेट म्हटलं की तोंड फिरवायचं. त्या चौथ्या सीटसाठी मी काय काय भांडलेय! आणि परवा एक पोरगी चटकन उठून म्हणाली, "आजी, बसा ना." आजी! तीस वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती सीट आयती मिळाली, तर मला बसवेना. मग बसले. गुडघ्यांनी मानापमान बघितला नाही.

तर आता मुद्द्याचं. आमचा डब्यातला सहाजणींचा ग्रुप तुला माहीत आहे. खिडकीवाली, बँकवाली, ढोकळावाली, नयानगरची रत्नागिरीकरीण, भाईंदर पश्चिमेची मारवाडीण आणि मी. आम्ही डब्यात मटार सोलले, हळदीकुंकू केलं, नवरात्रात रोजच्या रंगाची साडी नेसलो, दसऱ्याला डब्याला हार घातला. माझ्या शेवटच्या दिवशी तर हार मलाच घातला! पेढे वाटले, डोळे पुसले, आणि सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "भेटूच गं."

एकेक करत आम्ही सगळ्याच निवृत्त झालो, आणि मग अकरा महिने कुणी कुणाला भेटलं नाही. सगळ्या मीरा रोड नाहीतर भाईंदरच्या आसपास राहणाऱ्या, बरं का. रोज फोनवर उगवत्या सूर्याची आणि गुलाबाची चित्रं मात्र यायची.

मग खिडकीवालीचे मिस्टर गेले. मी तिच्या बिल्डिंगखाली पोचले आणि लिफ्टपाशी थबकले. मला तिचा मजलाच माहीत नव्हता. बावीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, तिच्या सासूच्या पथ्यापासून मुलीच्या पत्रिकेपर्यंत सगळं तोंडपाठ, आणि मजला वॉचमनला विचारावा लागला. त्या दिवशी कळलं, आमची मैत्री आम्ही नव्हती टिकवली. ती त्या आठ-काहीच्या लोकलने टिकवली होती. गाडी सुटली तशी मैत्रीही सुटली.

म्हणून सांगते, मैत्रीला नवं टाइमटेबल दे. "कधीतरी भेटू" या नावाची गाडी कुठल्याच प्लॅटफॉर्मला लागत नाही. आम्ही गुरुवार धरलाय. सकाळी अकरा, भाईंदर पश्चिम, उत्तनची बस. ऑफिसची गर्दी तोवर ओसरलेली असते, बसायला मिळतं. खाडीकडची हवा, बांबूंवर वाळणारे बोंबील, चर्च, समुद्र. ढोकळावाली बोंबलाच्या वासाला नाकाला पदर लावते आणि तरी दर गुरुवारी हजर असते. दुखण्यांवर बोलायला फक्त दहा मिनिटं, हा नियम. एकदा ढोकळावालीच्या एका गुडघ्याने पंचवीस खाल्ली, तेव्हापासून घड्याळ बँकवालीकडे. आणि जी येणार नाही तिच्याकडे पुढच्या वेळी सगळ्यांचा चहा.

दुसरं, सूर्य-गुलाब बंद. आठच्या आत एकच शब्द टाकायचा, "उठले". आमच्यातल्या तिघी आता एकट्या राहतात. मुलं पुण्याला, नाहीतर परदेशात. व्हिडिओ कॉलवरून ती काळजी करू शकतात, दार उघडू शकत नाहीत. म्हणून प्रत्येकीच्या घराची दुसरी किल्ली दुसऱ्या मैत्रिणीकडे. एकदा मारवाडिणीचं "उठले" नऊपर्यंत आलं नाही. रत्नागिरीकरीण रिक्षा करून गेली, धडधडत्या छातीने दार उघडलं. बाई साबुदाणा परतत होती आणि घरभर फोन शोधत होती. फोन सापडला फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. दोघी इतक्या हसल्या की साबुदाणा लागला. पण तेव्हापासून "उठले" टाकायला कुणी चुकत नाही.

तू म्हणशील, ताई, मला कुठे एवढ्या मैत्रिणी आहेत? आहेत गं. तुझ्या डब्यात आहेत. अजून एक महिना हातात आहे. रोज एकीचा पत्ता लिहून घे, मजल्यासकट. ज्या नोकरीत आहेत त्यांना रविवार दे. आणि स्वतःचा गुरुवार माझ्याकडे ठेव. ग्रुपला मी सांगून टाकलंय.

डब्यात आम्ही सतत एकमेकींना "कुठे उतरणार?" विचारायचो ना, ते आता कुणी कुणाला विचारत नाही. सरकून बसतो, एवढंच.

येताना घराची दुसरी किल्ली आण. आणि फोन पिशवीत टाकलास का, ते निघताना बघ.