एकट्यानं लेह, पण कोणत्या रस्त्यानं?

प्रश्न : माझी १५० सीसीची कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी आहे. जुलैत मनालीमार्गे एकटाच लेहला जावं म्हणतो. गाडी चढेल का?
– एक वाचक, हातकणंगले

उत्तर : गाडी चढेल हो, दम आधी तुम्हाला लागेल! विरळ हवेत कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळते. गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते. सामान कमी ठेवा, खालच्या गिअरवर सावकाश चढवा. आंबा घाटात ओझ्यासह सराव जरूर करा, पण उंचीचा अंदाज तिथं येणार नाही.

मी असतो तर जाताना श्रीनगरचा रस्ता धरला असता. वाटेतली झोजी ला खिंड साधारण साडेअकरा हजार फूट, पुढं मुक्कामाचं कारगिल त्याहून खाली. शरीराला उंचीची सवय होत जाते. मनालीकडून मात्र सोळा हजार फुटांचा बारालाचा ला ओलांडून सरचूला, चौदा हजारांवर झोपायचं. रात्री डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, तर एकट्या माणसाला सांभाळणार कोण? त्रास वाढला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर लगेच खाली उतरायचं. वेदनाशामक गोळी घेऊन पुढं रेटायचं नाही.

मनालीचा रस्ता परतीला ठेवा. लेह सोडल्यावर कारूला टाकी भरा, वर पाच लिटरचा कॅन घ्या. पुढं थेट तांडी गावापर्यंत पंपाचा भरवसा धरू नका. नाले सकाळीच ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. आणि सिम पोस्टपेड घ्या, आपल्याकडचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही.