कॅसेट उतरवताना

चि. मुक्तास,


आबांनी जपलेल्या मैफलींच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. ४४.१ किलोहर्ट्झ पुरेल की १९२ घेऊ, असं विचारलं आहेस.

सॅम्पल रेट म्हणजे आवाजाची लहर सेकंदाला किती वेळा मोजली, तो आकडा. टिपायच्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा मोजली, की ती लहर अचूक परत उभी करता येते. क्लॉड शॅननने १९४९ साली ते गणिताने दाखवलं. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणून सीडीला ४४,१०० पुरले. दोन मोजण्यांच्या मधलं गाणं गळून जातं, हा समज सोडून दे.

प्रत्येक मोजणी किती बिटांत लिहिली, त्यावर ठरतं ते सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर. १६ बिटांत ते सुमारे ९६ डेसिबल मिळतं. कॅसेटची खरखरच त्याच्या तळापेक्षा खूप वर असते. तरीही रेकॉर्ड करताना २४ बिट घे. मग लेव्हल निर्धास्त कमी ठेवता येते आणि तान तारसप्तकात चढली तरी आवाज फाटत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ एवढं भरपूर झालं.

खरी मेहनत त्याच्या आधीची आहे. डेकचं हेड स्पिरिटने पूस. त्याचा कोन टेपशी जुळलेला नसेल तर वरचे स्वर मंदावतात, तानपुऱ्याची जवारी बोथट होते. तो जाणकाराकडून जुळवून घे. हेडने जे उचललंच नाही, ते १९२ किलोहर्ट्झही आणून देणार नाही.

मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेव. फाइल बरीच लहान होते, पण एकही बिट जात नाही. फोनसाठी त्यातूनच एमपी३ काढ. उलट दिशेने कधी जाऊ नकोस: एमपी३ने गाळलेलं फ्लॅक केल्याने परत येत नाही.

ऐकताना कॉम्प्युटरची सेटिंग आणि फाइल यांचा रेट एकच ठेव, म्हणजे मध्ये रूपांतर होत नाही. महागड्या यंत्राचा मोह झाला, तर आधी त्याचा आणि साध्या यंत्राचा आवाज सारख्याच पातळीवर आणून, कुठला कुठला हे न कळता ऐक. २००७ साली मेयर आणि मोरन यांनी अशीच चाचणी घेतली. जास्त रेटचा आवाज आणि सीडीच्या दर्जाचा आवाज यांतला फरक ओळखताना श्रोत्यांची जेमतेम निम्मी उत्तरं बरोबर आली. वाचलेल्या पैशांत चांगला हेडफोन आणि दुसरी हार्डडिस्क घे. एकच प्रत कधी ठेवू नये.

आणि प्रत्येक कॅसेट आबांना शेजारी बसवून ऐक. गायक कोण, राग कुठला, तबल्यावर कोण, मैफल कुठे झाली, हे विचारून लगेच फाइलच्या टॅगमध्ये लिही. उतरवणं पुढच्या वर्षीही करता येईल; हे विचारणं या सुट्टीतच कर.

तुझा,
मामा