कपाशीचें फूल, संत्र्याचा डोळा आणि मनुष्याचें बीज

खापरखेडा व सावनेर या बाजूच्या आमच्या वाचकांस कपाशी व संत्रा यांची ओळख करून द्यावी असें नाहीं. परंतु सजीवांची वंशवृद्धि कशी होते हें माध्यमिक शाळेंतील मुलांस शिकवावयाचें झाल्यास हीं दोन झाडें कोणत्याही चित्रापेक्षां अधिक उपयोगी आहेत. म्हणून पंतोजींनीं पुस्तक उघडण्यापूर्वीं मुलांस एकदां धुऱ्यावर न्यावें, असें आम्हांस वाटतें.

कपाशीचें फूल सकाळीं उमलतें. अमेरिकन जातीचें फूल पहिल्या दिवशीं दुधाळ रंगाचें असतें, व दुसऱ्या दिवशीं तें गुलाबी होऊन मिटतें. ह्या थोड्या अवधींतच त्याचें मुख्य कार्य उरकतें. फुलाच्या मध्यभागीं स्त्रीकेसर असून त्याच्या भोंवतीं पुंकेसर असतात. पुंकेसरांतील पराग स्त्रीकेसराच्या टोकावर पडला म्हणजे त्यांतून एक सूक्ष्म नळी निघून खालीं बीजांडापर्यंत जाते, व तेथें पुंबीज आणि स्त्रीबीज यांचा संयोग होतो. ह्यासच फलन म्हणतात. पुढें पाकळ्या गळतात, बोंड धरतें, आणि सुमारें दीड महिन्यानें तें फुटतें. ज्यास आपण कापूस म्हणतों त्याचा प्रत्येक तंतु म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच पेशी लांबत जाऊन झालेला केस होय. एक पेशी इंचभर लांब व्हावी, ह्याचें नवल आम्हांस अद्यापि वाटतें!

आतां संकरित बियाणें म्हणजे काय तें पाहूं. 1970 सालीं सुरत येथें डॉ. सी. टी. पटेल यांनीं एच-4 नांवाचा कपाशीचा संकरित वाण शेतकऱ्यांसाठीं तयार केला. अशा बियाण्यासाठीं सायंकाळीं, उमलण्यापूर्वींच, एका जातीच्या कळींतील पुंकेसर हातानें काढून टाकतात. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग तिच्या स्त्रीकेसरास लावतात. येणारी सरकी दोन्हीं कुळांचे गुण घेते. परंतु तीच सरकी घरीं राखून पुन्हां पेरिली तर झाडें सारखीं येत नाहींत. कारण प्रत्येक बीं बनतांना गुणांची वांटणी नव्यानें होते. दरवर्षीं बियाण्याची पिशवी विकत घ्यावी लागते, तिचें एक मोठें कारण हें आहे.

संत्र्याची गोष्ट ह्याच्या उलट. बागवान चांगल्या झाडाचा डोळा काढून तो जंबेरीच्या खुंटावर भरतो. येथें पराग नाहीं, फलन नाहीं, बापही नाहीं. डोळ्यापासून वाढलेलें झाड गुणानें मूळ झाडच असतें. त्यामुळें फळाची गोडी टिकते. मात्र एका झाडास जो रोग मारक, तो साऱ्या बागेसच मारक होण्याचें भय असतें. संत्र्याच्या बियेंतही एक गंमत आहे. एक बी पेरिली असतां पुष्कळदां दोन-तीन रोपें निघतात. त्यांतील बहुतेक फलनावांचून, बीजांडांतील आईच्याच पेशींपासून झालेलीं असतात. चौकस मुलानें हें कुंडींत करून पाहावें.

प्राण्यांविषयीं शेतकऱ्याच्या मुलांस फार सांगणें नको. मृगाच्या पाण्यांत बेडकीण अंडीं सोडते व नर त्यांवर आपलें वीर्य सोडतो. फलन शरीराबाहेर होतें. कोंबडी कोंबड्यावांचूनही अंडीं देते, पण त्यांतून पिलें निघत नाहींत. फलन झालेलें अंडें उबविलें तर एकविसाव्या दिवशीं पिलूं बाहेर येतें. शेळी पांच महिन्यांनीं, गाय सुमारें नऊ महिन्यांनीं आणि म्हैस दहा महिन्यांनीं वितें हें घरोघर ठाऊक आहेच.

मनुष्यांतही रीति तीच आहे. परंतु येथें अज्ञानाचें फळ कोणाला तरी भोगावें लागतें, म्हणून आम्ही थोडें थांबतों. आपल्या शरीराच्या पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. त्यांपैकीं एक जोडी लिंग ठरविते. स्त्रीमध्यें ती एक्स-एक्स अशी, व पुरुषांत एक्स-वाय अशी असते. स्त्रीबीजांत व पुंबीजांत प्रत्येक जोडींतील एकेकच गुणसूत्र येतें. म्हणून आईचें प्रत्येक बीज एक्सच देतें. बापाचीं निम्मीं बीजें एक्स व निम्मीं वाय घेऊन येतात. एक्स मिळालें तर मुलगी, वाय मिळालें तर मुलगा. हें रहस्य 1905 सालीं नेटी स्टीव्हन्स ह्या विदुषीनें एका किड्याच्या अभ्यासावरून उकललें.

ह्यावरून, मुलीच होतात म्हणून सुनेस बोल लावणें किती निराधार आहे तें दिसेल. असा बोल आमच्या मंडळ्यांतही ऐकूं येतो, तें लपविण्यांत अर्थ नाहीं. तितकेंच लक्षांत ठेवावें कीं, दोष बापाचाही नव्हे. कोणतें बीज पुढें जावें हें त्याच्या इच्छेवर नसतें. तीन मुलींमागून चौथ्या खेपेस मुलगा होण्याचा संभव वाढतही नाहीं व घटतही नाहीं. प्रत्येक खेप नवी. तरी गर्भाचें लिंग पाहून मुलीचा गर्भ पाडण्याचें पाप इतकें वाढलें कीं, महाराष्ट्रानें 1988 सालीं, व पुढें 1994 सालीं केंद्र सरकारनें, त्याविरुद्ध कायदा केला. असें असूनही 2011 च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें 894 मुली आढळल्या. 2001 सालीं त्या 913 होत्या.

मूल न होण्याविषयींही असाच अन्याय चालतो. वांझ हा शब्द स्त्रीसाठींच आहे. पुरुषासाठीं तसा शब्द गांवांत कोणी सहसा उच्चारीत नाहीं. वास्तविक पुरुषत्व असणें आणि वीर्यांत पुरेशीं जिवंत पुंबीजें असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वयांत आल्यावर गालगुंड झाल्यास वृषणांस अपाय होऊन बीजें कमी होऊं शकतात, व त्या मनुष्यास त्याची कांहींच जाणीव नसते. दुसऱ्या बायकोची गोष्ट काढण्यापूर्वीं, किंवा सुनेस देवऋष्याकडे नेण्यापूर्वीं, दोघांनींही सरकारी दवाखान्यांत जावें, आणि तपासणीस नवऱ्यानें प्रथम बसावें. त्यास वीर्याचा नमुना द्यावा लागतो, एवढेंच. बायकोच्या तपासण्या मात्र अनेक दिवस चालतात.