पाटी माळ्यावर टाकू नकोस

केळापूर

चि. छकुलीस,


काल तुझ्या मायचा फोन आला. ब्रेलची पाटी आणि टोचायचा स्टायलस माळ्यावर टाकून तू वसतिगृहात परत गेलीस म्हणे. वर म्हणालीस, "मोबाईल बोलतो, आता टोचत कोण बसतं?" आणि संगणकावर टाइप केलेल्या तुझ्या निबंधात मॅडमनी 'पानी', 'कीती', 'नीसर्ग' अशा चुकांची माळच दाखवली. ऐकून घास गोड लागेना.

फोनवर बोललो असतो तर "हो मामा" म्हणून मोकळी झाली असतीस, म्हणून हे पत्र मुद्दाम टोचून पाठवतो आहे. ब्रेलच्या पत्राला टपालखातं तिकीट मागत नाही, तेव्हा उत्तर टाळायला खर्चाचं निमित्तही नाही!

मी मोबाईलचा वैरी नाही. पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक मोबाईलवर नसतं तर पांढरकवड्याच्या बँकेचे मेसेज मला कुणी वाचून दाखवले असते? तुझ्या संगणकाचा पडदा वाचणारं एनव्हीडीए फुकट मिळतं, तेही दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली सुरू केलं म्हणून. पण पोरी, तो आवाज 'दिन' आणि 'दीन' एकसारखेच म्हणतो. बोटाखाली इ म्हणजे २-४ हे ठिपके आणि ई म्हणजे ३-५. आपल्याकडं पाण्याला पानीच म्हणतात, खुशाल म्हणावं, मीही म्हणतो. लिहिताना मात्र न चे ठिपके १-३-४-५ आणि ण चे ३-४-५-६, हे बोटाला एकदा कळलं की सुटत नाही. नुसतं ऐकून हे कसं कळणार? परीक्षेत लेखनिक मिळेल, पण त्याचाच ण चुकला तर तुला पत्ता लागेल का?

गणिताचं तर विचारूच नको. 'एक छेद दोन अधिक तीन' असं मशीन म्हणालं, तर ते साडेतीन की एक पंचमांश? नेमेथ ब्रेलमध्ये अपूर्णांक कुठं सुरू झाला, कुठं संपला याच्या खुणाच असतात. ती पद्धत बसवणारे अब्राहम नेमेथ स्वतः अंध, अमेरिकेत गणिताचे प्राध्यापक.

तू प्रांजल पाटलांचं नाव पुढं करतेस, त्या अंध असून संगणकावर ऐकून अभ्यास करून आयएएस झाल्या म्हणून. झाल्या, २०१७ साली लागलेल्या निकालात १२४व्या आल्या. पण त्यांची शाळा दादरची कमला मेहता अंधशाळा, हे का गाळतेस? पाया तिथला आहे.

तुझ्या वयाचा होतो तेव्हा मला थोडं दिसायचं. त्या थोड्यावरच सगळे विसंबलो. पुढं तेही गेलं. ब्रेल हाती आलं तोवर मिसरूड फुटून जुनं झालं होतं आणि बोटं शेतातल्या कामानं राठ. अजून एक पान वाचेपर्यंत चहा निवतो. बाबा जिनिंगवर कापूस न्यायचे तेव्हा क्विंटलचा हिशेब तोंडी मीच करायचो. गणित शिकायचं होतं गं. "तुला काय करायचं गणित?" असं एक मास्तर म्हणाले आणि घरीही कुणाला ते खटकलं नाही. तुला असं म्हणायची कुणाची छाती होऊ नये, एवढंच माझ्या मनात आहे.

फार बोललो का? पाटीवर उजवीकडून डावीकडं उलटं टोचायचं, चुकलं की कागद वाया, एकेका पुस्तकाचे चारचार जाड खंड, कंटाळा येतो, ठाऊक आहे मला. मोबाईल ठेव, ऐक, गाणीही ऐक. रोज अर्धा तास तेवढा बोटांना दे. धडे नको वाटले तर 'स्पर्शज्ञान' वाच. स्वागत थोरातांनी, डोळस असून, २००८ साली ते मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. त्यात सिनेमापासून राजकारणापर्यंत सगळं असतं.

मायला सांगून पाटी पार्सलनं पाठवायला लावली आहे. सोबत मुरमुऱ्याचे लाडू आहेत, मैत्रिणींना दे, सगळे एकटीच खाऊ नको. थंडी पडायला लागली की तुझा खोकला वाढतो, कान बांधत जा. नवरात्रात जगदंबेच्या यात्रेला ये. गर्दीत माझा हात धरायला तूच लागतेस.

उत्तर ब्रेलमध्येच पाठव, चार ओळींचं का होईना. चुका असू देत. व्हॉइस मेसेज पाठवलास तर तोही ऐकेन, पण पत्राची वाट पाहीन.

तुझा,
मामा