हातातून जाणारा माल

चि. मुक्ता,


सुदानमधल्या दारफुरच्या बातम्या वाचून तू विचारलंस, इथं पुण्यात बसून माणूस करणार तरी काय? प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो. मदतनिधीला पैसे पाठवणं, निवेदनावर सही करणं हे तू करतेच आहेस, ते सोडू नकोस. पण दूरदेशीच्या अत्याचारांना ज्या साध्या माणसांनी खरोखर धक्का दिला, त्यांतल्या कित्येकांची सुरुवात स्वतःच्या नोकरीच्या टेबलावर झाली.

एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या एल्डर डेम्प्स्टर या जहाज कंपनीतला कारकून. फ्रेंच उत्तम येत असल्यानं कंपनी त्याला अँटवर्प बंदरात पाठवी. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड तेव्हा काँगोवर खासगी जहागिरीसारखा राज्य करत होता आणि आपण आफ्रिकेचं भलं करतो आहोत, असं जगाला सांगत होता. मोरेलसमोरच्या वह्या वेगळंच सांगत होत्या. काँगोहून येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंतानं भरलेली असत. परतीच्या फेरीत त्यांत मुख्यतः बंदुका आणि काडतुसं जात. व्यापार असेल तर रबराच्या बदल्यात तिकडे कापड जायला हवं, भांडीकुंडी जायला हवीत. ती जवळजवळ जातच नाहीत, म्हणजे रबर गोळा करणाऱ्यांना मोबदला मिळत नाही, धाक मिळतो. काँगोत कधीही पाऊल न ठेवता त्यानं केवळ हिशेबावरून हे ओळखलं.

१९०१मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि लेखणी हातात घेतली. पण एकट्या मोरेलनं हे झालं नसतं. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट काँगोच्या अंतर्भागात फिरून आला आणि १९०४मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. त्याच वर्षी ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईनं एक छायाचित्र काढलं: न्साला नावाचा बाप ओट्यावर बसला आहे आणि पुढ्यात त्याच्या लहानग्या मुलीचा तोडलेला हात आणि पाऊल आहे. हॅरिस दांपत्यानं अशी चित्रं गावोगावच्या सभागृहांत पडद्यावर दाखवली. हिशेब, सरकारी अहवाल आणि छायाचित्र एकमेकांना दुजोरा देत गेले, म्हणून लिओपोल्डला ते झटकता आले नाहीत. १९०८मध्ये त्याला काँगो बेल्जियम सरकारच्या हवाली करावा लागला. सक्तीची मजुरी तेवढ्यानं संपली नाही, हेही तुला सांगितलं पाहिजे. म्हणूनच मोरेलनं याच कामासाठी उभारलेल्या संघटनेनं १९१३पर्यंत काम चालू ठेवलं.

आता डब्लिन. १९ जुलै १९८४ रोजी डन्स स्टोअर्समध्ये गल्ल्यावर बसलेल्या एकवीस वर्षांच्या मेरी मॅनिंगनं दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या ग्रेपफ्रूटचं बिल करायला नकार दिला. तिच्या युनियनचा तसा ठराव होता. तिला निलंबित केल्यावर काही सहकारी, बहुतेक तरुण मुलीच, तिच्यासोबत बाहेर पडल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीबद्दल त्यांना तेव्हा फारसं ठाऊक नव्हतं. निम्रॉद सेजाके हा दक्षिण आफ्रिकेतला निर्वासित त्यांच्या धरण्यात येऊन उभा राहू लागला आणि तिकडचं जगणं त्यांना त्याच्याकडून कळत गेलं. तुटपुंज्या संपभत्त्यावर त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ काढला. अखेर १९८७मध्ये आयर्लंड सरकारनं दक्षिण आफ्रिकेची फळं आणि भाज्या आणायला बंदी घातली.

बहिष्कारानं तिथल्या गरिबांचंच नुकसान होईल, असं तेव्हाही बोललं जाई. त्यावर माझं मत असं, की याचा निवाडा सोसणाऱ्यांनी करावा. दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते अल्बर्ट लुथुली यांनी १९५९मध्येच बहिष्काराला स्पष्ट पाठिंबा दिला होता, त्यामुळे मॅनिंगच्या नकाराला आधार होता. असा आधार नसताना परस्पर बहिष्कार पुकारणं मला पटत नाही.

स्कॉटलंडमध्ये ईस्ट किलब्राइडच्या रोल्स-रॉइस कारखान्यातल्या कामगारांनीही असाच नकार दिला. चिलीत सप्टेंबर १९७३मध्ये लष्करी उठावात हॉकर हंटर विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बाँब टाकले होते. पुढच्या वर्षी चिलीच्या हवाई दलाच्या हंटर विमानांची इंजिनं दुरुस्तीला आली, तेव्हा तपासनीस बॉब फुल्टन यांनी हात लावायचं नाकारलं आणि बाकीचे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ती इंजिनं चार वर्षं कारखान्याच्या आवारात पडून होती.

हे सगळं तुला लिहायचं कारण तुझी नोकरी. तुझ्या कंपनीच्या खरेदी विभागात अरबी डिंक येतो, शीतपेयांत आणि गोळ्यांत घालायला. जगातला सर्वांत मोठा वाटा सुदानचा, तोही मुख्यतः कोर्दोफान आणि दारफुरच्या पट्ट्यातला. एप्रिल २०२३पासून तिथं युद्ध पेटलं आहे आणि डिंक शेजारच्या देशांतून चोरवाटेनं बाहेर पडत असल्याच्या बातम्या आल्या आहेत. डिंक काढणारा शेतकरी त्यावरच जगतो, म्हणून खरेदी बंद करा असं म्हणू नकोस. पुरवठादाराला लेखी विचार: माल कोणत्या भागातला, कोणत्या रस्त्यानं बाहेर आला, वाटेत कर कोणी वसूल केला, मूळ ठिकाणाचा दाखला कुठे आहे? चाड किंवा दक्षिण सुदानचा म्हणून आलेल्या मालाचं प्रमाण अचानक वाढलं असेल, तर मागच्या पाच वर्षांच्या नोंदी काढून ताडून बघ. निष्कर्षाची घाई मात्र नको.

पहिल्या पत्राला बहुधा गुळमुळीत उत्तर येईल. दुसरं पत्र एकटीच्या सहीनं पाठवू नकोस, विभागातल्या दोघातिघांना बरोबर घे. आणि पुण्यात शिकायला आलेले सुदानी विद्यार्थी भेटले तर त्यांना आधी विचार, त्यांच्या घरच्यांना आपल्याकडून काय हवं आहे.

तुझा,
सुधाकरमामा