रंग नव्हे, दिवा पाहा

दात भरून घेताना माझं सगळं लक्ष छटेकडे असायचं, सिमेंट कडक करणाऱ्या दिव्याकडे कधीच नाही. ही चूक बहुतेकांची होते, म्हणून लिहितो आहे. आरशात भरलेला भाग ओळखू आला नाही की काम उत्तम झालं असं आपण धरून चालतो. पुढे कडेने तपकिरी रेघ उमटली की खापर फुटतं हळदीवर आणि चहावर. कडकपणा आणि रंग हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हेच मला आता पटत नाही. जे सिमेंट पुरतं कडक झालेलं नसतं, तेच लवकर रंग पितं.

हे सिमेंट म्हणजे कॉम्पोझिट: राळ आणि तिच्यात बसवलेली काचेची बारीक पूड. त्यातलं मुख्य रसायन अमेरिकेत रफाएल बोवेन यांनी घडवलं. १९६२ मध्ये त्याचं पेटंट निघालं. दिव्याचा निळा प्रकाश पडला की राळेचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, पण चांगल्या दिव्याखालीही ही गुंफण साधारण ५० ते ७५ टक्क्यांवर थांबते. जितकी ती कमी, तितकं लाळेतलं पाणी आत शिरतं आणि पाण्यामागून रंग. प्रकाश खोलवरही जात नाही. म्हणून साधं कॉम्पोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थरावर दिवा धरतात. गडद छटा प्रकाश जास्त शोषते, तिला वेळही जास्त लागतो. दिव्याचं टोक दाढेपासून लांब राहिलं किंवा तिरकं झालं, की वर टणक आणि तळाशी मऊ असा दात भरला जातो. वरून टोकरून ते समजत नाही.

यावर कुणी म्हणेल, डाग तर वरच पडतो आणि प्रकाश वरच सर्वाधिक मिळतो. मग दिव्याचा काय दोष? शंका रास्त आहे. पण हवेतल्या ऑक्सिजनमुळे अगदी वरचा पातळ पापुद्रा कडक होतच नाही, चिकट राहतो. तो घासून, पॉलिश करून काढला नाही तर डाग तिथेच आधी धरतो. आणि कडेची रेघ बऱ्याचदा दात आणि सिमेंट यांच्यामधल्या फटीतून आलेली असते.

मग सर्वांत कडक सिमेंटच का घेऊ नये? कारण नुसता कडकपणा पुरत नाही. जुन्या कॉम्पोझिटमध्ये काचेचे कण जाड असत. राळ झिजली की ते वर उघडे पडत, पृष्ठभाग खरखरीत होई आणि डाग धरी. दाताच्या कवचाइतकं कडक कॉम्पोझिट नसतंच, तशी गरजही नाही. आहे त्या सिमेंटने आपला पुरता कडकपणा गाठावा, एवढंच मागणं आहे.

आहाराचा वाटा मी नाकारत नाही. चहा, कॉफी, हळद, तंबाखू यांनी उत्तम भरलेला दातही काळाने थोडा गडद होतो. मात्र वरवरचा डाग पॉलिशने निघतो, आत मुरलेला निघत नाही.

तेव्हा खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना विचारा: थर किती देणार, प्रत्येक थरावर दिवा किती सेकंद, शेवटी पॉलिश करणार ना? विचारायला संकोच करू नका. आणि दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी करा, मग थोडे दिवस थांबून दात भरून घ्या. ब्लीचने दात उजळतो, कॉम्पोझिट उजळत नाही.