दुपट्याची सावड

इंदापूर,
कार्तिक वद्य पंचमी

चिरंजीव सौभाग्यवती भाचीस मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद, उपरी विशेष.

तुझे पत्र पावले. बारामतीच्या तुझ्या मैत्रिणींनी आणि इकडील इंदापूरच्या काही लेकीसुनांनी एकत्र येऊन संक्रांतीच्या सुमारास हाताने शिवलेली दुपटी, लहान गोधड्या, चंच्या, बटवे यांची आपसांत अदलाबदल करावी, प्रत्येकीने एक वस्तू शिवून द्यावी आणि एक घ्यावी, ही तुझी योजना वाचून मला मनापासून संतोष झाला. परंतु त्याच पत्राच्या अखेरीस तू जी शंका काढली आहेस, की एकीने महिनाभर खपून बारीक टाक्यांचे दुपटे सिद्ध करावे आणि तिच्या वाट्याला मात्र दुसरीने दोन दुपारांत उरकलेला बटवा यावा हा अन्याय नव्हे काय, आणि तो टाळण्यासाठी प्रत्येक वस्तूची किंमत आगाऊ मुक्रर करून समान किमतीच्या जोड्या लावाव्यात काय, तिचे उत्तर सविस्तर देणे मला अगत्याचे वाटते. कारण तुमचा उपक्रम वर्षानुवर्षे चालेल की एका संक्रांतीतच आटोपेल, हे या एका प्रश्नाच्या निकालावर अवलंबून आहे.

हा निकाल आपल्या मुलखाने फार पूर्वीच लावून ठेवला आहे. नीरा आणि भीमा यांच्या मधल्या या प्रदेशात, जिथे मजुरीला रोख पैसा नव्हता पण ज्वारीची काढणी कोणासाठी थांबत नव्हती, तिथे कुटुंबे एकमेकांच्या शेतात सावडीने राबत आली. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, असा तो करार. त्याला ना कागद, ना साक्षीदार. या कराराचे सर्वांत शहाणे कलम असे, की त्यात दिवसाला दिवस फेडला जाई, कामाला काम नव्हे. तरण्याताठ्या सुनेने दोन पाती खुरपून पुढे जावे आणि तिच्या शेजारी वृद्ध सासूची एक पातही पुरी होऊ नये, तरी दोघींचा दिवस दिवसच मानला जाई. म्हातारीकडून अर्ध्या दिवसाची बाकी वसूल करण्याची कल्पना कोणाच्या मनाला शिवली असती, तर त्या गावात पुढल्या हंगामाला सावड उरलीच नसती. तुमच्या अदलाबदलीलाही हेच कलम लाव. जिने मुदतीत, ठरल्या मापाची, जीव लावून केलेली वस्तू हजर केली तिची फेड पूर्ण झाली. टाके मोजण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मात्र यावरून सगळेच सैल सोडावे असा अर्थ काढू नकोस. ज्या गोष्टी ठरवून पाळता येतात त्या कडकपणे ठरवाव्यात आणि त्यांत कसूर चालवून घेऊ नये. माप ठरव, मुदत ठरव, कापड कोणते चालेल ते ठरव, आणि वस्तू कोणाच्या हाती जाणार हे शिवणारीला आधी कळू दे. कारण नाव ठाऊक नसताना शिवलेली वस्तू आणि अमकीच्या नातवासाठी म्हणून शिवलेली वस्तू यांच्यांतील अंतर पहिल्या टाक्यापासून दिसू लागते. जिला मुदत पाळता येणार नाही तिने पंधरा दिवस आधी तसे कळवावे, आणि तिच्या जागी दुसरीने उभे राहावे, म्हणजे घेणारी रिकाम्या हाताने परतणार नाही.

कापडाविषयी तू विचारले नाहीस, तरी लिहिते, कारण दुपट्याचे बरेवाईट निम्मे तिथेच ठरते. तान्ह्या मुलाच्या अंगाला लागायचे ते सुतीच असावे, आणि शक्य तर धुवून धुवून मऊ झालेले जुने लुगडे असावे. नव्या कापडातली खळ आणि त्याचा ताठा कितीही धुतले तरी लवकर जात नाही. हल्लीच्या कृत्रिम धाग्यांच्या साड्या दिसायला झळझळीत असल्या तरी त्या ओल शोषत नाहीत, घामाने अंगाला चिकटतात, आणि चुलीपाशी वा शेकोटीपाशी तर त्या सर्वथा वर्ज्य. नऊवारी लुगड्याची लांबी 9 वार, म्हणजे 324 इंच. एकेक वार लांबीचे तुकडे कापले की नऊ तुकडे होतात, चार-चार थरांची दोन दुपटी निघतात, आणि उरलेल्या नवव्या तुकड्यातून ठिगळांची बेगमी होते. काठ फेकू नकोस. सगळे लुगडे विरले तरी काठ शाबूत असतो, आणि त्याच्याइतका टिकाऊ गोट बाजारात मिळत नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील वस्त्रोद्यानात तुझ्या ओळखीच्या बायका शिवणकामाला जातात, त्यांच्याकडून रीतसर परवानगीने सुती कातरणे मिळाली तर वरच्या नक्षीला ती जरूर घे, पण आतले थर जुन्या लुगड्यांचेच ठेव. लाल आणि गर्द निळ्या तुकड्यांचा रंग सुटतो की नाही याची खातरजमा ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून आधीच कर. एका ठिगळाने सबंध दुपटे डागाळलेले मी पुष्कळदा पाहिले आहे.

थर चारांहून अधिक नकोत. जाड गोधडी थंडीत सुखाची खरी, पण तान्ह्याचे दुपटे दिवसातून दोनदा धुवावे लागते, आणि आषाढात जे वाळत नाही ते कितीही सुंदर असले तरी फडताळातच पडून राहते. थर जमिनीवर पसरून चारही कोपऱ्यांवर वजन ठेव, सुरकुत्या मधून कडेकडे हाताने सार, आणि लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकजीव कर. या कामात घाई केली तर पुढे मध्येच फुगवटा येतो आणि तो उसवल्यावाचून जात नाही. मग धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनामागून चौकोन घालत आत आत यावे, दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवावे, आणि दोऱ्याची गाठ थरांच्या पोटात दडवावी. मण्यांचा, टिकल्यांचा, बटणांचा मोह मुलांच्या वस्तूंत पूर्णपणे आवर. मूल जे हाती लागते ते तोंडात घालते. अंगुस्तान घातल्याशिवाय बसू नकोस. दुपटे पुरे झाले की ते उलटून पाहा, आणि मागली बाजू पुढल्या बाजूइतकी स्वच्छ असेल तरच ते देण्यायोग्य समज. शिवणयंत्राला माझा विरोध नाही. कडेचा गोट यंत्रावर घातला तर तो बळकट होतो. पण मधली शिवण हाताचीच असावी, कारण धावदोऱ्याची ढिलाई कापडाला हलू देते आणि मुलाच्या अंगाबरोबर दुपटे वळते.

ज्यांना दुपटे झेपणार नाही त्यांनी चंची शिवावी. निमगाव केतकीच्या पानमळ्यांमुळे आपल्या तालुक्यात विड्याचे वेड जुनेच, आणि पान, सुपारी, चुना, कात यांना वेगवेगळा कप्पा देऊन गुंडाळून बंदाने बांधायची ती चंची पूर्वी कमरेला सर्रास दिसे. आता ते विड्याचे वेड सुटले तर उत्तमच. त्याच कप्प्यांत सुया, दोरे, औषधाच्या गोळ्या, प्रवासाचे सुटे पैसे बसतात. कुंचीही अशीच एका बैठकीत होण्यासारखी वस्तू आहे.

जुन्या वस्त्रांना असे पुन्हा आयुष्य देण्याची विद्या आपलीच एकटीची नाही. बंगालच्या बायकांनी विरलेल्या साड्यांचे थर रचून त्यांवर कांथा भरली. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात जीज बेंड नावाच्या वस्तीतील, एकेकाळच्या गुलामांच्या वंशातील स्त्रियांनी शेतकामाच्या फाटक्या कपड्यांतून घरातल्यांच्या उबेसाठी ज्या गोधड्या शिवल्या, त्या 2002 साली ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयांत भिंतींवर मांडल्या गेल्या. त्या स्त्रियांच्या बुद्धीला मिळालेला हा मान सर्वस्वी योग्यच होता. तरी तुझ्या मंडळातील एखाद्या बाईने मिळालेले दुपटे ‘खराब होईल’ म्हणून काचेच्या कपाटात ठेवले, तर तिला स्पष्ट सांग, की शिवणारीच्या श्रमाची ती उपेक्षा आहे. वस्तू वापरात राहिली, धुतली गेली, विटली आणि कालांतराने पुन्हा ठिगळ लावायला शिवणारीकडेच परत आली, तर तो देणारीचा सन्मान.

घेण्याची रीतही शिकवावी लागते, आणि माझ्या मते देण्याहून ती कठीण आहे. हाती आलेली वस्तू सर्वांदेखत उलटसुलट करून पाहू नये, शेजारणीच्या वस्तूशी ताडून पाहू नये, आणि घरी जाऊन दुकानातला भाव तर काढूच नये. चार दिवसांनी वस्तू वापरात कशी आली, मुलाने ती ओढून घेतली की नाही, हे दोन ओळींत शिवणारीला कळवावे. जिची शिवण वाकडी आहे तिची पुढल्या वर्षी एखाद्या जाणतीशी जोडी लाव; तिच्या शेजारी बसून शिवताना ती जे शिकेल ते दहा वेळा नावे ठेवल्याने शिकणार नाही.

सावडीत फेड असते. पण सावडीच्या पलीकडे, जिथे फेडीचा प्रश्नच उद्भवत नाही, असेही एक देणे आपल्या वाटेवर दरसाल घडते. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीत येते तेव्हा परीट समाजाची मंडळी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात. स्वच्छ धुतलेल्या वस्त्रांवरून पालखी पुढे जाते, आणि त्या वस्त्रांच्या मोबदल्याची भाषा कोणी बोलत नाही. तुमच्या मंडळातही असा एक वाटा असावा, असे मला फार वाटते, आणि म्हणून ही तजवीज सुचवते.

दिवाळी सरली की भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या परिसरात बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या कोप्या उसाच्या पाचटाच्या, जमीन ओली, पहाटेची थंडी अंग कापणारी. आई-बाप पहाटेच फडात जातात आणि अंगावरचे मूल फडाच्या कडेला एखाद्या चिरगुटावर निजवलेले असते. बारामतीहून इंदापूरला एस.टी.ने येताना हे दृश्य तू दरवर्षी पाहतेस. अदलाबदलीत सामील होणाऱ्या प्रत्येक दोघींनी मिळून एक दुपटे जादा शिवावे, त्याला माप, कापड, मुदत यांचे तेच नियम असावेत, आणि अदलाबदलीच्या दिवशी ती सारी दुपटी एकत्र करून जवळच्या टोळीवर तुम्ही स्वतः जाऊन द्यावीत. वाटप म्हणून ओळीने उभे करून देऊ नका, छायाचित्रे काढू नका. कोपीत बसा, मुलाचे नाव विचारा, आणि दुपटे आईच्या हाती द्या. उरलेसुरले, विटलेले कापड त्यासाठी काढून ठेवण्याचा विचारही कोणाच्या मनात येऊ देऊ नकोस.

माझ्या वाट्याची दोन दुपटी मी शिवायला घेतली आहेत. त्यांचे कापड तुझ्या आजीच्या इरकली लुगड्याचे आहे. मार्गशीर्षात येशील तेव्हा ती घेऊन जा, आणि येताना तुझ्या मैत्रिणींची नावे लिहून आण. मुलांस आशीर्वाद, घरच्या वडीलधाऱ्यांस नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझी,
मावशी